बुधवारचं मूळ

कन्नड, १६ नोव्हेंबर १९६४

ती. स्वरूप स्वामींस आवडाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. कपाशीची वेचणी चालू हाय. पंचमीला माहेरी आले, दिवाळी गेली, तरी मला न्यायला तुमच्याकडून मूळ आलं नाय. बाया विचारतात, नवऱ्यानं टाकली का काय. मी हसून वेळ मारून नेते, पर आता हसू येत नाय. मी नको असंल तर तसं लिहा, नुसतं ताटकळत ठेवू नका.

खोकला सांभाळा. भाकरी अजून जळकीच खाता का?

लोभ वाढवावा असं लिहायची रीत हाय. मी आधी विचारते, लोभ हाय का?

आवडा

औरंगाबाद, २२ नोव्हेंबर

सौ. आवडास अनेक उत्तम आशीर्वाद.

मूळ आलं नाय कसं म्हणतीस? दसऱ्याआधी मुंजाबामामांना धाडलं होतं. ते हात हलवत परत आले. म्हणाले, तुझ्या मायनं लेक धाडली नाय. मी समजलो, तुलाच यायचं नाय.

इथल्या खोलीत तू कधी मोकळी हसली नाहीस. नळावरून आलीस की डोळे लाल. विचारलं तर म्हणायचीस, धूर गेला. नळाला कुठं चूल असती का? पर पुढं विचारायचा धीर झाला नाय. जाते म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? आता हिय्या करून विचारतो, तुला माझ्यासोबत राहायचं हाय का?

जळक्या भाकरीची सवय झाली. मायबापांना दंडवत.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
बन्सी

कन्नड, २७ नोव्हेंबर

शि. सा. न. वि. वि.

मायला खोदून विचारलं. मामा आले तो बुधवार होता. 'जाशील बुधी तर येशील कधी' म्हणून बुधवारी लेक धाडत नायत. मायनं त्यांना मुक्काम करा, उद्या न्या म्हणून सांगितलं. मामांना राग आला, ते चहा न घेताच उठले. मी शेतात होते. पुन्हा मूळ येईल म्हणून माय माझ्याजवळ बोललीच नाय.

मी तिच्यावर लई चिडले. पर तुम्ही तरी काय केलं? मामांच्या एका शब्दावर माझं मन ठरवून मोकळे झाले. व्हय, मी नळावर रडायचे. बाया खेडवळ म्हणून हसायच्या, आणि तुम्ही घरी आले की भिंतीकडं बघत जेवायचे. मला वाटायचं, मीच नकोशी हाय.

राहायचं हाय का विचारता. हाय. पर असं मुक्यानं नाय.

येत्या बुधवारी दुपारच्या एस.टी.नं मी एकटी निघते. माय म्हणते, निदान गुरुवारी जा. मी ऐकणार नाय. स्टँडवर तुम्ही दिसला नाहीत तर त्याच गाडीनं माघारी फिरेन. मग कोणत्याच वारी मूळ धाडू नका.

बाकी लोभाचं स्टँडवर कळंल.

आवडा