रंगाच्या डब्यांतली खरबुजं

ता. ३ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. गॅरेजात काम भरपूर. बायकोला तुझ्याकडे येऊन पंधरा दिवस झाले, आता तिला पाठवून दे. त्या दिवशी माझा हात सुटला, मान्य. पण तीही उलट बोलली, हे तिने सांगितलं नसेल. शेजारी विचारतात, तेव्हा आजीच्या गच्चीवर खरबुजं लावायला गेलीय म्हणून सांगतो. हे खोटं पचायला दोन फळं तरी धाड.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा नातू,
भुंग्या

ता. ९ मार्च

चि. भुंग्यास,
अ. आ. वि. वि.

माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, लावून वाच. हात काय दावणीचं जनावर आहे सुटायला? कुणी सोडल्याशिवाय सुटत नाही. पोरीचा डावा दंड दोन ठिकाणी मोडलाय. उजव्या हाताने ती रोज सकाळी नरफूल खुडते आणि मादीफुलात फिरवते. गच्चीवर मधमाश्या येत नाहीत, त्यामुळे तेही काम बायकांवरच आलं. रंगाच्या अकरा रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून मी संक्रांतीलाच वेल लावले होते. फळं लिंबाएवढी झाली. एका वेलाला दोनच ठेवायची, बाकीची काढायची. तिला काढवत नाहीत, मी काढते.

रोज विचारते, जायचंय का? ती नाही म्हणते. तिने हो म्हटलं तर अडवणार नाही, पण तोवर तू इकडे फिरकू नकोस.

जीव लावतेच आहे, त्यावर चढून बसू नकोस.

आजी

ता. २ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

रविवारचं मनात ठेवू नकोस. मी न्यायला आलो होतो, भांडायला नाही. ती खोलीला आतून कडी लावून बसली, म्हणून डोकं फिरलं. डबे लाथाडले, फळं तुडवली, ते चुकलंच. तू मध्ये आलीस आणि ढकलली गेलीस. तूही खुरप्याने माझा कान फाडलास, सहा टाके पडले. फिटंफाट झाली. घरातलं घरात राहू दे. कुणी विचारलंच तर डबा उचलताना पडले म्हण.

राग सोड, लोभ ठेव.

भुंग्या

ता. ६ एप्रिल

चि. भुंग्यास,
अ. आ. वि. वि.

मी सांगतेय, लिहितेय तुझी बायको. माझं मनगट मोडलंय.

अकरातला एक वेल वाचला. त्याचं खरबूज जुन्या परकराच्या झोळीत टांगलंय, नाहीतर स्वतःच्याच वजनाने तुटेल.

तुझा कान मी फाडला, हे पोलिसांना मीच आधी सांगितलं. मग त्यांनी माझ्या हाताचं विचारलं, आजी, पडलात का? तुझे आजोबा होते तेव्हा चाळीस वर्षं मी पडतच होते. जिन्यावरून, मोरीत, उंबऱ्याला अडखळून. एवढी पडणारी बाई गल्लीत दुसरी नव्हती. तुझ्या बापाने ते पाहिलं, मग तुझी आईसुद्धा पडायला लागली, आणि ते तू पाहिलंस. या वेळी मी तुझं नाव सांगितलं. पोरीनेही दंडाचं लिहून दिलं.

येत्या सोमवारी सकाळी पोलीस तुझ्याकडे येतील. पळू नकोस. टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस. जेवून, धुतलेले कपडे घालून तयार राहा.

माझा लोभ आहे, म्हणूनच कळवून ठेवतेय.

आजी