टाकीवरचा बल्ब

६ जानेवारी, सोमवार
मामांच्या अंत्यविधीच्या पोस्टरवर माझ्या नावापुढे काम म्हणून काय छापायचं? आईने सकाळी फोनवर विचारलं. बाकी सगळ्या भाच्यांचं ठरलंय. एक नर्स, हॅम्बुर्ग. एक पाद्री. एकीचं नुसतंच ‘हॅम्बुर्ग’. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मामांनी हट्टाने शिकवलं म्हणून झाले. आणि माझ्याच नावापुढे टिंबं.

सांगितलं, आई, आमची कंपनी हायड्रोजन साठवते. म्हणाली, “म्हणजे काय?” म्हटलं, एक प्रकारची हवाच. “तेच सांगते मी सगळ्यांना, पोमा हवा भरते. मग ते विचारतात, सायकलच्या टायरमध्ये की ट्रकच्या?”

संकल्प: रविवारपर्यंत आईला कळेल असं एका ओळीचं उत्तर तयार करणे.

बाकी उत्तम. अख्ख्या कुमासी शहरात डुमसोर चालू आहे, वीज आली कधी आणि गेली कधी पत्ता नाही. पण ऑफिसातल्या आमच्या लाल टाकीवरचा बल्ब आणि पंखा नाताळच्या आधीपासून हायड्रोजनवर अखंड चालू. बॉसने स्वतः जोडणी केलीय. रोज आल्यावर आधी बल्बकडे बघते. प्रार्थनेसारखं वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार
उत्तर तयार झालं नाही. रविवार अजून आहे.

अजेकुम बॉसने मीटिंग घेतली. म्हणजे ते आणि मी. म्हणाले, “पोमा, साठवण पुरे झाली. आता गिऱ्हाइकाच्या दारातच वीज तयार करायची. छपरावर पॅनेल, खाली बॅटरी, विषय संपला.” मी विचारलं, आणि हायड्रोजन? ते म्हणाले, “त्याला जरा विश्रांती देऊ.”

डावपेच आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. बोलताना त्यांनी डोळाही मिचकावला. (हरमटन वाऱ्याची धूळ गेली असेल. पण वेळ बघता मिचकावलाच.)

१४ जानेवारी, मंगळवार
डावपेच जरा फारच खरा वाटेल असा चाललाय. पहिलं गिऱ्हाईक ठरलं: फोसुआ आंटींचं शवागार. तेच, जिथे मामा नोव्हेंबरपासून आहेत. हॅम्बुर्गवाले पोचेपर्यंत आणि घराला रंग लागेपर्यंत तिथेच राहतील. अंत्यविधी शनिवारी, १ फेब्रुवारीला.

मी स्पष्ट सांगितलं, बॉस, आपण भविष्य साठवतो, मढी नाही. ते म्हणाले, “साठवणीतलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडे काही गळत नाही.”

‘गळत’ हा शब्द त्यांनी का वापरला, समजलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
शवागारात गेले. फोसुआ आंटी दारातच खुर्ची टाकून मक्याचं केंके खात होत्या. “अगं, तू आमच्या अम्पोन्सांची भाची ना? भेटून घे हवं तर, आतच आहेत.” नको म्हटलं.

मागे डिझेलचा जनरेटर खोकत होता. मी हायड्रोजनबद्दल मनापासून बोलले. आंटींनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न: “त्याला वास येतो का?” नाही म्हटलं. “मग माझ्याकडे चालेल.”

बघा! सामान्य माणसाला हायड्रोजन कळतो. समजावणारा हवा.

बॉसने बॅटऱ्या मागवायला सांगितल्या होत्या. मी टाकीसाठी नवा व्हॉल्व्ह मागवला. दिवसा पॅनेल चालतील, वीजही अधूनमधून असतेच, तेवढ्यात टाकी तयार होईल. बॉसला ऐनवेळी सांगून खूश करायचं. आंटींना म्हटलं, जनरेटर आता अडगळ समजा.

२४ जानेवारी, शुक्रवार
पॅनेल बसली. व्हॉल्व्ह आला, पण टाकीला बसत नाही. आटे वेगळे आहेत. किरकोळ गोष्ट.

आंटींनी जनरेटर खरंच विकला. एका लग्नाच्या हॉलवाल्याला. “तूच म्हणालीस ना अडगळ?” लोक माझा शब्द इतका मनावर घेतात, ही जबाबदारीच आहे.

हवेत एवढी धूळ की सूर्याकडे सरळ बघता येतं. पॅनेलवर बोटाने नाव लिहिता आलं.

आईचा फोन. पोस्टर हॅम्बुर्गवाल्यांच्या फोटोंसाठी अडलंय, तेवढ्यात माझंही सांग म्हणाली. सोमवारी नक्की सांगते म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार, सकाळी
काल दुपारपासून वीज नाही. पॅनेलवर शीतपेटीची मोटर नुसती हुंकार देते आणि बंद पडते.

आंटींचा फोन: “पोमा, तुझ्या मामांना घाम फुटलाय.” मग आवाज बदलून, “बाई, थट्टा नाही. बाजारातला सगळा बर्फ आणलाय, दुपारपर्यंत पुरेल. हॅम्बुर्गवाले उतरलेत. उद्या कपडे करायला येणार आहेत. झाकण उघडल्यावर मी त्यांना काय दाखवू? तुझ्या आईला फोन करू का?”

म्हटलं, आईला नको. मी येते.

मामा बाजारात जातानासुद्धा शर्टला इस्त्री करून जायचे.

बॉस अक्राला, गुरुवारी गुंतवणूकदारांना बल्ब दाखवायला आणणार आहेत. फोन उचलत नाहीत. व्हॉल्व्ह पुन्हा बसवून बघितला. बसत नाही.

दुपारी
पाना शोधायला टाकीमागचं कपाट उघडलं. कुलूप होतं, ते तोडलं. आत चार मोठ्या बॅटऱ्या. त्यांच्यातून निघालेली वायर थेट वर, बल्बकडे आणि पंख्याकडे.

बॅकअप. उघड आहे. जबाबदार माणूस बॅकअप ठेवतोच.

वायर काढली. बल्ब गेला, पंखा थांबला. बल्ब जुनाच होता. पंखाही.

बॅटऱ्यांची खोकी चढवताना टॅक्सीवाला म्हणाला, “मॅडम, एवढं जड, आत मयत आहे की काय?” म्हटलं, नाही, मयताकडे नेतेय. त्याने गाडीचा वेग वाढवला.

संध्याकाळी
जोडणी मी स्वतः केली. शीतपेटी सुरू. आंटींनी पेटीवर हात ठेवून बराच वेळ थंडावा बघितला, मग माझ्या डोक्यावर तोच हात ठेवला. गार होता.

मामांना भेटून आले. ठीक आहेत.

२९ जानेवारी, बुधवार
ऑफिसात टाकीवर नवा बल्ब लावला. लागला नाही. बाजारात काहीही विकतात.

आंटींना दारावर दिवा हवा होता, म्हणून जुना, गेलेला बल्ब नुसता अडकवून बघितला. लागला. लख्ख.

त्याखाली आंटींच्या खुर्चीत थोडा वेळ बसले.

बॉसचा फोन आला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “कुठल्या बॅटऱ्या?” मग म्हणाले, “कपाटातल्या.” शेवटी त्यांनी विचारलं, “शीतपेटी चालू आहे ना?” हो म्हटलं. “मग उद्या पाहुण्यांना तिकडेच आणतो. आंटींना सांग, दार झाडून ठेवा.”

टाकीबद्दल तेही बोलले नाहीत, मीही नाही. विश्रांती घेतेय ती.

हॅम्बुर्गवाले मामांना कपडे चढवून गेले. शर्टला इस्त्री होती.

३० जानेवारी, गुरुवार
आईला फोन केला नाही. काल परस्पर छापखान्यातच जाऊन आले. ‘हायड्रोजन’ तसाही त्या ओळीत मावला नसता. पोस्टर सकाळीच चर्चच्या भिंतीवर लागलं. हॅम्बुर्गच्या खाली, माझ्या नावापुढे: पोमा, वीज.