अडीच फुटांतला अर्धा इंच

तीर्थस्वरूप दादाच्या पायी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या रजेवर आहेत, उरलेल्या सहांवर भागवून घे.) तुझा खोकला, वहिनींचे डोळे आणि तुमच्या जिन्याची तिसरी पायरी या तिघांच्या दुखण्याला आता उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे चिरंजीव ठीक, सूनबाई ठीक, मीही ठीक. फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा तीन खोल्यांत फिरत लिहितोय. अक्षर जिथे तिरकं झालंय तिथे मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा होतो असं समज.

तुला काळजी नको म्हणून आधीच सांगून टाकतो: छोट्या रेल्वेचा नाद मी सोडला. कायमचा. आपल्या लहानपणी बंद पडलेली ती अरुंद रुळांची गाडी एक समिती पुन्हा उभी करतेय, हे मागच्या अकरा पत्रांतून तुला कळलंच आहे. (त्यातलं एक पत्र निव्वळ खडीबद्दल होतं, ते वाचलं नसलंस तरी माझी हरकत नाही.) चिरंजीवांनी दुकान हातात घेतल्यापासून तिथे अर्ध्या भिंतीवर तयार कपडे टांगलेत आणि मला दाराशी एक खुर्ची दिली आहे. गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघून हसतं आणि आत जातं. चाळीस वर्षं ज्याने उभ्याने कापड बेतलं त्याने दिवसभर हसून घ्यायचं म्हणजे शिक्षाच की रे. म्हणून मी रोज नऊच्या ठोक्याला त्या रेल्वेच्या यार्डात जायचो. तिथे मला कोणी काम दिलं नव्हतं, पण मी ते करत होतो. रुळांखालचे स्लीपर मोजायचे, डब्याच्या खिडक्या बसवणाऱ्या सुताराला पलीकडून कशा दिसतात ते सांगायचं (तो म्हणायचा, "काका, जरा उजेड सोडा"), आणि वेल्डरला दर अर्ध्या तासाने पाणी पी म्हणायचं. सगळे मला 'इन्स्पेक्टर' म्हणत. मुकादम तर म्हणे, तुम्ही आला नाहीत तर काम पुढे सरकल्यासारखं वाटत नाही. त्याला नेमकं काय म्हणायचं होतं हे मी खोदून विचारलं नाही.

आता झालं ते ऐक. या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. अडीच फूट म्हणजे तीस इंच, आणि तीस इंच म्हणजे सडपातळ माणसाची कंबर. जन्मभर मी दुसरं काय मोजलं? एके दिवशी सगळे जेवायला बसले असताना गळ्यातली टेप काढली आणि नव्या रुळांना लावली, तर साडेएकोणतीस! पुढे सरकून लावली, तरी तेवढंच. वळणावर लावली, पुलाच्या तोंडाशी लावली, सगळीकडे अर्धा इंच खाल्लेला. अर्ध्या इंचाने पँटचं बटण लागत नाही दादा, इथे तर इंजिन घालायचं होतं! मुकादमाने आपली लोखंडी मापपट्टी आणून दाखवली, ती बरोब्बर बसली. मी म्हटलं, तुमची पट्टीच आखूड असणार. तो म्हणाला, "काका, तुमची टेप जुनी झाली असेल." माझं डोकंच फिरलं. या टेपवर अख्ख्या गावाची अब्रू झाकली गेली आहे असं मी त्याला सुनावलं, घरी येऊन समितीला दोन पानी अर्ज लिहिला आणि त्याची प्रत यार्डाच्या फलकावर चिकटवली. इंजिनिअरसाहेब पडले सावध. माप तपासल्याशिवाय पुढे एक खिळा ठोकायचा नाही, असा हुकूम काढून त्यांनी मुख्य कार्यालयातून शिक्कामोर्तब केलेली पट्टी मागवली. ती यायला आठ दिवस लागले. आठ दिवस तीस माणसं खडीवर बसून होती.

नवव्या दिवशी पट्टी आली. रुळांना लावली: तीस. मग साहेबांनी ती माझ्या टेपशेजारी ठेवली. चाळीस वर्षं गळ्यात लोंबून टेप ताणली गेली होती, तीस इंचांत अर्ध्या इंचाने. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मुकादमाने नुसती टेप गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

गावाच्या कपड्यांना मात्र काही झालं नाही, हे तुला पटवून देतो. ज्या टेपने अंग मोजलं त्याच टेपने कापड बेतलं, म्हणजे चूक चुकीत जिरली. अडचण फक्त त्या एका माणसाची, जो आपली मापं स्वतःच्या घरी घेऊन पत्राने कळवत होता. तो माणूस तू. तुझ्या पँटी ढगळ होतात अशी तू दर वेळी तक्रार केलीस आणि दर वेळी मी कळवलं की तूच वाळला असशील. एकदा तर वहिनींना लिहिलं, दादाला पोटभर वाढत जा. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं: "भाऊजी, टेप तपासा." ती ओळ मी थट्टा समजून दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. वहिनींना म्हणावं, मी चुकलो. (हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव, पण दुकानातलं वाक्य गाळलंस तरी चालेल.)

इंजिनिअरसाहेब मला रागावले नाहीत. फार अदबीने म्हणाले, काका, उद्घाटनापर्यंत आत येऊ नका, त्या दिवशी तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. पुन्हा खुर्ची! तेव्हापासून यार्डाच्या फाटकावर पहारेकरी मला बघितलं की उठून उभा राहतो. कुंपणाबाहेरून पाण्याच्या टाकीची पाठ तेवढी दिसते. पण मला त्याचं काहीच वाटत नाही. घरात पुष्कळ कामं आहेत. काल मी सगळ्या गाद्यांचे अभ्रे उलटे करून शिवण तपासली, आज सूनबाईने कात्री लपवून ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, घरच्या धाकट्यांना आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. : नवी पोलादी टेप घेतली आहे. खरी मापं कळव, दोन पँटी माझ्याकडून.

ता. क. २ : इंजिनिअरसाहेब म्हणजे शाळेतला तुझा विद्यार्थी, हे मला आजच पहारेकऱ्याकडून कळलं. तुझं नाव काढलं की अजून हात मागे बांधतो म्हणे. त्याला दोन ओळी लिही ना. उद्घाटनाची खुर्ची मला नको. अठरा दिवसांचं काम उरलंय आणि मला त्या अठरा दिवसांत आत जायचंय. गाडी सुरू झाल्यावर कोणीही तिकीट काढून बसेल. ती पुरी होत नाही तोवरच तिला माझ्यासारख्याची गरज आहे, निदान मला तसं वाटतं. लवकर लिही दादा, मला इथे करमत नाही.

ता. क. ३ : तुझ्यापासून काय लपवायचं? टेप चुकीची आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. दुकानातली लोखंडी फूटपट्टी लावून बघितली होती. तरी गप्प बसलो. काम थांबलेलं होतं, सगळे मोकळे होते, मला मधे बसवून गप्पा मारत होते आणि गाडी पुरी व्हायचा दिवस लांबत होता. असे सात दिवस मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. तेव्हा साहेबांना लिहिताना एवढंच लिही, की आमच्या धाकट्याची टेप आता नवी आहे. माणसाची हमी देऊ नकोस.