दगडांवरची बुळबुळ

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी माझा राग काही उतरत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. आठवतं की! मांडवीच्या आपल्या आवारात ऐनाची साल उकळून तुम्ही जाळी रंगवायचात, तसा पक्का रंग किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला जमत नसे. तुमच्या हातचं जाळं खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. पण जाळी बाहेर निघाली की हौदातलं ते तपकिरी, तुरट पाणी तुम्ही खुशाल कुंपणाकडे सोडून द्यायचात, आणि कुंपणापलीकडे आपल्या मुसलमान शेजारणीची, खालांची विहीर होती.

खालांचा नवरा बोटीवर खलाशी होता, तो समुद्रावरच गेला. घरात त्या आणि त्यांची म्हातारी सासू, दोघीच. त्यांनी लोखंडी बालदीत पाणी काढून ठेवलं की घटकाभरात ते शाईसारखं काळं होई. भात करडा, धुतलेल्या कपड्यांवर डाग. त्या कुंपणाशी येऊन हळूच म्हणायच्या, "भाऊ, माज्या पान्याचं कायतरी बघा." आणि तुम्ही कढईतली साल ढवळत, मान वर न करता सांगायचात, "अगो, जांभा सगलं गालतो. इथलं पानी तिथं जातंय होय?" जात होतं, बाबा. तुम्हालाही ते माहीत होतं.

मुंबईत मी सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामावर होतो. तिथे घाण पाणी दगडांच्या ढिगावरून थेंबथेंब झिरपवतात. दगडांवर एक बुळबुळीत थर धरतो. तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव, आणि पाण्यातली घाण हे त्यांचं खाणं. नोकरी सुटून घरी आलो तेव्हा तेच मी आपल्या आवारात करायचं ठरवलं. काळ्या दगडाची खडी आणि फुटकी कौलं रचून कमरेएवढा ढीग केला, वर भोकं पाडलेला बांबू आडवा टाकला आणि हौदातलं पाणी त्यातून दगडांवर सोडलं. दोनदा फसलं. सालीच्या पाण्यात जीव तगेनातच. मग भाट्याच्या खाडीत नारळाची सोडणं कुजत घालतात तिथला काळा गाळ घागरभर आणून दगडांना फासला. सोडणांचा रसही तसाच तुरट, म्हणजे त्या गाळातल्या जिवांना हे अन्न ओळखीचं असणार, असा माझा हिशेब. दोन महिने मी त्या ढिगाला तान्ह्या पोरासारखं सांभाळलं. सुरुवातीला पाणी अगदी बारीक धारेनं सोडायचो, दुपारी कोरडं पडू द्यायचो नाही. हळूहळू खालून निघणाऱ्या पाण्याचा रंग फिका होत गेला. खालांची विहीर आम्ही दोनदा उपसली. माघात एके दिवशी त्यांनी तांदळाची वाफवलेली सांदणं पाठवली, स्वतःच्याच विहिरीच्या पाण्यात केलेली, पांढरीशुभ्र. तुम्हीही चार खाल्लीत.

आणि मग शिमगा आला. पालखी दारात यायची होती. मी दोन दिवस कामाला बाहेरगावी गेलो होतो. परत येतो तो काय, अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि माझा ढीग उकलून, एकेक दगड काथ्यानं घासून, चुन्याच्या पाण्यानं धुऊन पुन्हा नीट रचलेला. तुम्ही घामाघूम आणि खूश. "बघ, कसं लखलखीत केलंय! येवढं बांधलंस नि वर शेवाल धरू दिलंस. देवी दारात येनार, लोकं काय म्हनतील?" मी पालखीबरोबरच्या माणसांसमोर ओरडलो, खून केलात म्हणालो. तुम्ही म्हणालात, "कुनाचा रे? शेवालाचा?" सगळे हसले. बापाला कधी घालू नये ती शिवी मी तेव्हा तुम्हाला घातली.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही हौद सोडलात, दगड धुतलेत म्हणजे आता पाणी आणखी साफ निघेल या खात्रीनं. आठवडाभरात विहीर होती तशी झाली. मी पुन्हा गाळ आणला, पण चैत्राच्या उन्हात थर धरेना. थोडे दिवस जाळी रंगवू नका म्हणून विनवलं, तर हंगाम आहे म्हणालात. त्याच वैशाखात खालांची सासू वारली. मय्यतीला आंघोळ घालायला चांगलं पाणी हवं, म्हणून बायका दुसऱ्या वाडीतून हंडे भरून आणत होत्या. स्वतःची विहीर दारात असताना! तुम्ही कुंपणाशी उभे राहून बघत होतात. खाला पुढे भावाकडे गेल्या आणि नव्या मालकानं विहीर बुजवली. मी पुन्हा मुंबईला गेलो तो तुमच्या बाराव्यालाच आलो. तुमचा तो कुंपणाशी गप्प उभा राहिलेला चेहरा मी अजून माफ केलेला नाही, करणारही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. मुंबईच्या त्या कामावर पहिल्याच आठवड्यात मीही तो थर घाण समजून खरवडायला घेतला होता. मिस्त्रीनं माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं, मला शेजारी बसवलं आणि थर जिवंत कसा असतो ते सगळं समजावून सांगितलं. त्या माघात तुम्ही मला दोनदा विचारलं होतंत, "ह्या बुलबुलीत हाय तरी काय रे?" दोन्ही वेळा मी म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं.