गाळलेली ओळ

बुधवार, १९ डिसेंबर १९८४. उरण

सासूबाईंना वाचता येत नाही. आज संध्याकाळी लोकसभेच्या दोन्ही उमेदवारांची पत्रकं त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "वाच गो. मंग ठरवीन."

सकाळीच ह्यांनी बजावलं होतं, "आईचं मत सत्ताधारी उमेदवारालाच पडलं पाहिजे. त्याच्या माणसानेच मला कंपनीत चिकटवलंय, अजून कायम व्हायचंय." म्हणून त्याचं पत्रक आधी, सावकाश वाचलं आणि दुसऱ्यातली एक ओळ गाळली. नव्या शहरासाठी गेलेल्या शेताच्या बदल्यात जमीन मिळवून देऊ, ही. शाळेत मुलांना वाचायला शिकवते मी, आणि घरी हे?

"यात जमिनीचा कायच नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," म्हणाले.

त्यांनी दुसरं पत्रक परत माझ्यापुढे सरकवलं. "दुसरा कागद घाईत वाचलास. परत वाच."

या वेळी ती ओळ वाचली. त्यांनी तो कागद कमरेला खोचला. मत कुणाला देणार, कळलं नाही. ह्यांची नोकरी गेली तर? पण शेत तर सासूबाईंचंच होतं ना?

कामावरून आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "आईला वाचून दाखवलंस?"

"सगळं," मी म्हणाले.