मोठीचा फोन आला

आई, मोठीचा फोन आला. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांत तू जो येईल त्याला विचारायचीस ना, औषध द्यायला आलेल्या केरळी नर्सलासुद्धा, "मोठीचा काही फोन?" तर आला बाई एकदाचा. परवा रविवारी सकाळी, तिच्या धाकट्या बहिणीला. आणि धाकटीने काय करावं? अबुधाबीतल्या खलिफा सिटीहून टॅक्सी करून थेट दुबईत करामा गाठलं, माझ्या दारात उभी राहिली, पायातली चप्पलही न काढता म्हणाली, "आईला सांगायला हवं." आई म्हणजे तू. तिची स्वतःची आई चांगली धडधाकट शारजात आहे, तिला ती 'अम्मा' म्हणते. 'आई' म्हणजे तूच, आणि तेही आपल्या मराठीत, माझ्यापेक्षा गोड आवाजात. बघ, अजून पत्राला नीट सुरुवात नाही केली तोवर माझ्या पोटात दुखायला लागलं. बातमी सगळी सांगते, पण माझ्या पद्धतीने. आधी माझं ऐकून घ्यावं लागेल तुला, आता उठून जाण्याची सोय नाही.

ते लोक समोरच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मी बारावीत होते. पाकिस्तानातल्या सिंधमधलं हिंदू कुटुंब. वडील आधीपासून बर दुबईत कापडाच्या दुकानात हिशेब सांभाळायचे, बॅचलर म्हणून चौघांत एक खोली करून राहायचे. मग अचानक बायकोला आणि धाकट्या मुलीला घेऊन आले. दोघीही बोलायच्या नाहीत. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, लिफ्टमध्ये कुणी शिरलं की कोपऱ्यात सरकायची. तू म्हणालीस, लाजाळू आहे. मी म्हटलं, शिष्ट आहे. दोघींचंही चुकलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतंय? हॉलमध्ये सतरंजी, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, तू त्या मायलेकींनाही हाताला धरून आणलंस. कुंकू लावलंस, तिळगूळ दिलास, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिलेस. त्या निघाल्या आणि दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी त्या मुलीने ओढणीच्या टोकाने कपाळ खसकन पुसलं. झालं! तुझा पारा चढला. भरल्या हॉलमध्ये ओरडलीस, "कुंकू असं पुसतात का गं? कुणी शिकवलं तुला हे?" मुलगी आईच्या मागे सरकली. तिची आई तेव्हा पहिल्यांदा आपल्यासमोर पूर्ण वाक्य बोलली. "मैंने सिखाया है, दीदी. घर से निकलने से पहले पोंछ लो. बडीवाली उस दिन भूल गयी थी."

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात तुझ्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. मी ओट्याशी डबे पुसत होते, म्हणजे पुसण्याचं नाटक करत होते. त्यांच्या गावात हिंदूंची घरं थोडी. मोठी शाळेतून येत होती, पंधरा वर्षांची, कपाळावर टिकली तशीच राहिलेली. गाडीतून उचलून नेली. पोलीस तक्रार घेईनात. काही दिवसांनी निरोप आला की मुलीने धर्म बदलला, तिचं नाव आता वेगळं, आणि तिचा निकाह झाला, तिच्या दुप्पट वयाच्या माणसाशी. दुबईहून धावत गेलेल्या बापाला कोर्टात ती दिसली तेव्हा गालावर सूज होती, आणि विचारल्यावर म्हणाली, मी स्वतःच्या मर्जीने आले. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. कोर्टाने तिला त्या माणसाबरोबर पाठवून दिलं. खलास. मग बापाने उरलेल्या मुलीला उचललं आणि इथे आणलं. तिच्या आईचा खरा जाच वेगळाच होता. ती पुन्हा पुन्हा तुला विचारत होती, पोरगी खरंच राजीखुशीने गेली असेल का हो? आपल्याला विसरली असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या मुलीला स्कूलबसपर्यंत सोडायला निघालीस. आरशासमोर उभी राहिलीस आणि कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवलीस. मी दात घासत होते, ब्रश तोंडातच राहिला. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, मी अजून जिवंत आहे!" तू म्हणालीस, "दिसताय की. दोन वेळा जेवता, रात्रभर घोरता. काही होत नाही तुम्हाला." मग चपला घालता घालता म्हणालीस, "त्या लेकराने एकटीनेच का मोकळ्या कपाळाने चालायचं?" इथे करामात बायका मळवट भरून फिरल्या तरी कुणी ढुंकून बघत नाही, हे तुला माहीत होतं. तिलाही सांगून झालं होतं. पण तिच्या अंगातून ते भय जात नव्हतं, म्हणून तू तिच्यासारखी झालीस. रोज. भाजीला, देवळात, तिच्या शाळेच्या मीटिंगला, जिथे जिथे ती बरोबर असेल तिथे.

आता माझं ऐक. मला बोर्डाच्या पेपरच्या दिवशी लिफ्टमधून मागे बोलावून टिकली लावणारी बाई तूच ना? माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या सकाळी, "ऑफिसात काय सुतकात चाललीयेस?" म्हणून अबोला धरणारी? माझ्यासाठी तू तुझी एक रीत कधी तसूभर सोडली नाहीस. आणि तिच्यासाठी, समोरच्या फ्लॅटमधल्या कालच्या पोरीसाठी, थेट बाबांच्या आयुष्याशी बांधलेली गोष्ट उतरवून ठेवलीस! माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या वेण्या तू घालायचीस, मी कंगवा घेऊन आले तर "तू केवढी झालीस आता!" तिच्या खिचडीवर तूप जरा जास्तच. मी एकदा तोंड वाकडं करून म्हटलंही, तर म्हणालीस, "तुला काय कमी आहे गं?" काहीच कमी नव्हतं, हाच तर घोटाळा होता. जिला काही कमी नाही तिने मागायचं तरी काय?

चौथ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या मुसलमान खालाने तुला लिफ्टमध्ये पकडलं होतं. "अगो वहिनी, कपाळ मोकळं कशाला? दादा बरे आहेत ना?" ती मुलगी तेव्हा तुझ्या पदराआड लपली, खालाच्या डोक्यावरचा रुमाल बघून. तू खालाला घरी चहाला बोलावून सगळं सांगितलंस. खाला तापली. "निकाहाचं कबूल पोरीच्या मनातून यायला हवं. उचलून नेलेल्या पोरीच्या तोंडचा कबूल कसला? गुनाह आहे तो, आणि नाव घेतात आमच्या अल्लाचं!" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. त्यानंतर लिफ्टचं दार उघडलं की ती आधी बाहेरूनच विचारायची, "येऊ का गो, बाय?" मुलीने मान हलवली की मगच आत. महिनोन् महिने. तू टिकली पुन्हा कधी लावायला लागलीस ते मला आठवत नाही. एक दिवस बघितलं तर तुझ्याही होती आणि तिच्याही. मला कुणी काही सांगितलं नाही. मी ऑफिसच्या ट्रेनिंगला जात होते तेव्हा.

आणि मग तू आजारी पडलीस. सुट्टी घेऊन उशाशी मी बसलेली, आणि तू विचारतेस मोठीचं. जिला तू कधी पाहिलंही नव्हतंस! माझ्याबद्दल काय विचारणार म्हणा, मी समोरच होते.

तर फोन. शेजारणीच्या मोबाइलवरून, घाईघाईत. घरात मारहाण होती, अजूनही असते. मुलं आहेत, त्यांना टाकून निघता येत नाही. आधी तिने विचारलं, अब्बा आहेत का, अम्मा आहे का. मग धाकटीने इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला: कोर्टात तसं का बोललीस? ती म्हणाली, "उन्होंने कहा था, तू नहीं बोलेगी तो छोटीवाली को ले आयेंगे. उन्हें तेरे स्कूल का टाइम भी पता था." एवढंच. मग फोन बंद झाला, आणि तो नंबर आता लागत नाही. धाकटी एखाद्या वकिलाला गाठणार आहे, तिकडच्या कुठल्या संस्थेशीही बोलणार आहे. बघू, इन्शाल्ला.

हे सांगताना ती माझ्या सोफ्यावर कोसळून रडत होती. "माझ्यासाठी गं ताई, माझ्यासाठी." मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तू फिरवायचीस तसा. मलाही रडू फुटलं. माझी लेक खोलीतून डोकावली, "मम्मा, आर यू ओके?" धाकटी तिला म्हणाली, "तुझी मम्मा अगदी आजीसारखी आहे, दुसऱ्याच्या दुःखाने रडते." मी नाही म्हटलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्याकडे टपाल जात नाही हे बरंच आहे. बातमी पोचली असं समज. पण मी त्या सोफ्यावर कशाने रडले ते तेवढं ऐकून ठेव. एकीने तिच्यासाठी अख्खं आयुष्य दिलं, दुसरीने कपाळ मोकळं केलं, आणि मी तिला पोटाशी धरून मनात म्हणत होते, माझ्यासाठी कुणी काय सोडलं? त्या घटकेलाही, आई, मला तिचा हेवाच वाटत होता.