पक्का सांधा

२४ सप्टेंबर, वसमत

निघताना आई म्हणाली, हळदीच्या गावाला चाललीस, पिवळी होऊन येशील! मोंढ्यामागचं मार्तंडकाका-अनुसूयाकाकूंचं घर मला आवडलं. दोघंच राहतात. काकूंनी आल्या आल्या धपाटे वाढले. जुनी यांत्रिक वाद्यं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, पण असली पेटी पहिल्यांदाच पाहिली. निजामाच्या काळातली, देवघरात ठेवलेली. दांडा फिरवला की आतला भाता हलतो, खिळ्यांचा रूळ फिरतो आणि लाकडी नळ्यांतून भूपाळी निघते. काकू ती रोज सकाळी वाजवतात. त्याशिवाय त्यांच्या देवांना जाग येत नाही म्हणे! भात्याचे सांधे सुटलेत. दोन दिवसांचं काम.

२५ सप्टेंबर

माझ्या जिभेला हाड नाही! सांधे चिकटवायचा सरस भिजत घालताना काकूंना सहज सांगून बसले की हा जनावराच्या कातड्यापासून करतात. काकूंनी कपाळावर हात मारला आणि मला आंघोळीला पिटाळलं. "इतके दिवस ठाऊक नव्हतं. आता कळल्यावर न्हाई चालायचं, बाई." नशीब, भाता कापडाचा आहे!

काका कुरकुरले. त्यांचे वडील दर खांडेनवमीला गरम पाण्यानं सांधे उकलून पेटी मोकळी करायचे, मग पुन्हा सरसानं जोडायचे. सरस उकलतो, म्हणूनच आम्ही तो वापरतो. इपॉक्सी, म्हणजे रासायनिक गोंद, लावला की संपलं, सांधा पुन्हा उकलत नाही. हे मला माहीत होतं. पण काकूंपुढे कोण बोलणार? इपॉक्सी लावला. आता शंभर वर्षं हलणार नाही.

२७ सप्टेंबर

पेटी काय गोड वाजली! वाजवणं थांबवल्यावर काकूंना धाप लागली. वय झालं, म्हणाल्या.

२८ सप्टेंबर

डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. ऑक्सिजन लावला, उपयोग नाही. दांडा थांबला की काकूंचे ओठ निळे पडतात. फिरवला की भात्याबरोबर त्यांची छाती फुगते. मी डोळ्यांनी पाहिलं.

काकांना आता वडिलांचं बोलणं आठवलं. वाजवणाऱ्याचा श्वास थोडा थोडा पेटीत साठतो, वर्षातून एकदा सोडावा लागतो. गरम पाणी ओतलं, वाफ दिली. सांधा ढिम्म हलत नाही. हे मी केलंय.

२९ सप्टेंबर

पेटीला करवत लावली. काकू किंचाळल्या — बरगडीवर रक्त. लगेच थांबवलं.

सरस असता तर —

काका आणि मी आळीपाळीनं फिरवतोय.

३० सप्टेंबर

काका दांड्यावरच कोसळले. शेजारच्या तातेरावांनी त्यांना नांदेडला नेलं. कुणाला तरी पाठवा म्हटलं, तर "व्हय, पाठवतो" म्हणाले. अजून कुणी नाही.

उजव्या हातानं फिरवतेय, डाव्यानं लिहितेय. नाहीतर डोळा लागेल.

काकू नुसत्या बघतात. मघाशी माझ्या मनगटावर हात ठेवला. सोड, म्हणत असाव्यात. कशी सोडू?

खांदा बधिर — बोटं सुटताहेत —

हात बदलायला हवा. एका श्वासाचाच तर प्रश्न. काकू, माझ्याकडे बघा, मी पटकन —